एक गाव, एक पूर्ण हंगाम : शेतकरी मंडळींत सेवेला उतरताना

पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, गावाकडच्या सेवेला नाव देणारे बहुतेक जण आधी विचारतात, "तिथे बोलायचं काय?" खरं तर आधी ठरवायचं असतं ते जायचं कधी. मृग लागला आणि पाऊस झाला की घरात म्हातारी माणसं आणि कुत्रं एवढंच सापडतं. जुन्नर-आंबेगावकडे डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागण असते, मार्च-एप्रिलमध्ये काढणी. दौंड, बारामती, इंदापूर या पट्ट्यात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड सुरू होते आणि तोडकऱ्यांची मुलं फडावर असतात. रविवारी सकाळी दहाची उपासना हे शहराचं वेळापत्रक आहे. गावात प्रार्थनासभा रात्री आठनंतर धरा, आणि त्याआधी त्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री फेज लाईट दिवसा आहे की रात्री, हे विचारा. रात्रपाळी असेल तर घरचा कर्ता पाण्याच्या मोटारीवर असतो, सभेत नसतो.

म्हणून नवख्यांना सल्ला एकच : पाच गावं वाटून घेऊ नका, एकच गाव घ्या आणि पेरणीपासून मळणीपर्यंत तिथेच टिका. महिन्यातून दोन फेऱ्या पुरतात, पण त्या ठरल्या वारी व्हायलाच हव्यात. स्वारगेटहून सासवड-बारामती, वाकडेवाडीहून मंचर-नारायणगाव एसटीने सोपं पडतं. केडगाव तर दौंडच्या रेल्वेमार्गावरच आहे. पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं मुक्ती मिशन केडगावलाच. एकदा सवडीने जाऊन या. विहिरी, शेती, विणकाम, छपाई ही कामंसुद्धा तिथल्या सेवेचाच भाग होती, हे लक्षात येईल.

पहिले दोन महिने स्थानिक पाळक (पास्टर) किंवा मंडळीतल्या वडीलधाऱ्यांबरोबरच जा. एकट्याने कुणाच्या घरी जायचं नाही. फोन खिशात ठेवा. फोटो काढणारा पाहुणा पुढच्या वेळी ओट्यावरूनच परत पाठवला जातो. चहा नको असेल तर "अर्धा कप" म्हणा, सरळ नाही म्हणू नका. "वाफसा आला का?" (पावसानंतर जमीन मशागतीजोगी झाली का) आणि "पाळी घातली का?" (कुळव फिरवला का) हे दोन प्रश्न अर्थ समजून विचारता आले की पुढचं बोलणं आपोआप होतं.

हाताला काम हवं असेल तर माती परीक्षणाच्या नमुन्यापासून सुरुवात करा. तो उन्हाळ्यात, पीक निघाल्यावर घ्यायचा. खत टाकून दोन-अडीच महिने झालेले असावेत. एका एकरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. बांध, उकिरडा, झाडाखालची आणि पाणी साचणारी जागा सोडा. वरचा काडीकचरा हातानं सारा, इंग्रजी व्ही आकाराचा २० ते २२ सेंमी खोल खड्डा घ्या आणि त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची माती वरपासून खालपर्यंत खरवडा. सगळी माती स्वच्छ कापडावर मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा. चिठ्ठीवर नाव, गट नंबर, मागचं पीक, पाण्याची सोय. नमुना बिघडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणानं : घरात पडलेल्या खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली जाते आणि अहवालात भलतेच आकडे येतात. नारायणगाव आणि बारामतीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. अहवाल वाचायला तिथल्या माणसांना विचारा, स्वतः खताचा डोस सांगू नका.

मार्गदर्शन करायचं तर एकाच तरुणाचं. पंधरवड्यातून एकदा, पाऊण तास, शक्यतो बांधावर. एक वही ठेवा : एका पानावर बियाणं, औषध, मजुरीचा खर्च, समोरच्या पानावर प्रार्थनेचे विषय. लिहायचं त्यानं, तुम्ही नाही. तुम्ही लिहायला लागलात की ती वही पुण्याला परत येते आणि काम तिथेच संपतं. पीक विमा घेतला असेल तर गारपीट झाल्यावर कळवावं लागतं का आणि किती वेळात, हे त्या हंगामाच्या नियमाप्रमाणे विचारून वहीच्या पहिल्या पानावर.

वचन सांगतानाही शेत समजून घ्या. बायबलच्या मत्तय १३ मधला पेरणारा बी फोकतो, म्हणजे मुठीनं उधळतो; आपल्याकडे पेरणी पाभरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, ओळीत होते. "बी वाटेवर टाकायला तो काय येडा होता का?" असं ऐकणारा विचारणारच, आणि त्याचं बरोबर आहे. आधी फोकून पेरणी कशी होते ते सांगा. उलट रूथचा दुसरा अध्याय समजावावा लागत नाही. सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेलं धान्य, वेचणं बायकांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

मदत आणि प्रार्थना एका हातानं देऊ नका. बियाणं दिलं त्या दिवशी सुवार्तेची पत्रिका काढायची नाही. प्रार्थना करू का, हे विचारूनच करायची, आणि "नको" म्हटलं तर विषय बंद. उसने पैसे कुणालाही नाहीत. मदत मंडळीच्या खजिनदारामार्फत, पावतीसह. आजारात गोळ्या बंद करा असं चुकूनही बोलू नका. फवारताना चक्कर, उलटी झाली तर आधी दवाखाना, औषधाच्या बाटलीसकट. कर्जानं खचलेला माणूस जिवाचं काही बोलला तर सरळ विचारा, एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं घरच्यांना हलवायला लावा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ लावून द्या. मुलांचे वर्ग दार उघडं ठेवून, दोन प्रौढांसमोर. अत्याचाराचं काही कळलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीतच मिटवू" म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका.

मंडळीत हंगामाच्या सणाला, म्हणजे पीक आल्यावरच्या आभाराच्या सणाला, लोकांनी आणलेल्या धान्य-भाजीचा लिलाव होतो, तेव्हा कुणी किती आणलं याची यादी मोठ्यानं वाचू देऊ नका; ज्याचा कांदा सडला तो पुढच्या वर्षी येत नाही.

गाव सोडणार असाल तर निदान दीड महिना आधी सांगा. माती अहवालाची झेरॉक्स, खर्चाची वही आणि ठळक अक्षरात लिहिलेला सहायक कृषी अधिकाऱ्यांचा (पूर्वीचे कृषी सहायक) नंबर घरात ठेवून या.