क्रूझवर कुक म्हणून जायचंय? आधी इंग्लिश ब्रेकफास्ट शिकून घ्या

हॉटेल मॅनेजमेंटचं शेवटचं वर्ष आलं की पोरं विचारायला लागतात, दादा क्रूझवर कसं जायचं, पगार किती मिळतो, कुठले कुठले देश फिरायला मिळतात. ब्रेकफास्टबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि साउदॅम्प्टनहून सुटणारी पी अँड ओ, क्युनार्ड वगैरेंची जी ब्रिटिश जहाजं आहेत तिथे कॉमी, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा कुक म्हणून चढलात तर सकाळच्या ड्युटीपासून सुटका नाही. आयोना किंवा आर्विया धरा, पॅसेंजरच 5200 च्या आसपास, त्यातले बहुतेक ब्रिटिश, आणि सुट्टीवर आलेला ब्रिटिश माणूस कुक्ड ब्रेकफास्ट सोडत नाही, घरी रोज कॉर्नफ्लेक्स खात असला तरी.

डिनरला तुमचा सॉस जरा इकडेतिकडे झाला तर खपून जातं, कारण मूळ सॉस कसा असतो हे टेबलवरच्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. ब्रेकफास्टला तसं नाही. पोहे कच्चे राहिलेत हे आपल्याला जसं पहिल्या घासाला कळतं तसं त्यांना बेकनकडे नुसतं बघून कळतं.

तर प्लेटमध्ये काय असतं: बॅक बेकन, पोर्क सॉसेज, अंडं, ग्रिल केलेला टोमॅटो, मशरूम, बेक्ड बीन्स, ब्लॅक पुडिंग, फ्राइड ब्रेड किंवा टोस्ट. हल्ली हॅश ब्राउनही असतो, तो अमेरिकन आहे म्हणून जुन्या वळणाचे लोक नाक मुरडतात पण बुफेत सगळ्यात आधी संपतो तोच. बॅक बेकन म्हणजे पाठीच्या मांसाचा, कडेला चरबीची पट्टी असलेला काप. आपल्याकडच्या फाइव्ह स्टारमध्ये शिकताना बहुतेक वेळा स्ट्रीकी बेकन, म्हणजे पोटाकडच्या चरबीच्या पट्ट्यांचं बेकन हातात येतं आणि ते कडक कुरकुरीत करायची सवय लागते, ती इथे विसरा. इथे चरबीची कड सोनेरी हवी आणि मांस मऊ. शेकड्याने करायचं असतं त्यामुळे तव्यावर वगैरे काही नाही, ट्रेवर एकेक थर लावून काँबी ओव्हनमध्ये (गरम हवा आणि वाफ दोन्हीवर चालणारा मोठा ओव्हन). सॉसेजही तसंच.

बीन्स सोपे वाटतात ना? डबा फोडला, गरम केला. पण मोठ्या भांड्यात जोरात आच दिली की तळाला लागतात, आणि एकदा लागले की तो वास अख्ख्या भांड्याला येतो, मग ओतूनच द्यायचे. मंद आच आणि तळापासून ढवळत राहणं, दुसरा उपाय नाही. बेन-मारीत, म्हणजे अन्न गरम ठेवायच्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवले की वर साय धरते तीही मोडत राहायची. काही लोकांना बीन्सचा रस अंड्याला लागलेला अजिबात चालत नाही, म्हणून डायनिंग रूमच्या प्लेटमध्ये ते कधी कधी छोट्या वाटीत देतात.

आता अंडी. खरी परीक्षा इथे आहे. ब्रिटिश माणूस नुसतं फ्राइड एग म्हणाला की बलक वर आणि पातळ, न उलटता. पोच्डला, म्हणजे कवच फोडून पाण्यात शिजवलेल्या अंड्याला, पाणी खळाखळा उकळता कामा नये, तळातून बारीक बुडबुडे येतायत इतकंच, त्यात थोडं व्हिनेगर. अंडं ताजं असेल तर पांढरं स्वतःच बलकाभोवती गोळा होतं, पण अंडी एकदाच लोड झालेली असतात त्यामुळे लांबच्या क्रूझला शेवटी शेवटी पांढरं पातळ होऊन पाण्यात दोरे सुटायला लागतात, अशी अंडी आधी जाळीच्या चमच्यात फोडून पातळ भाग गाळून टाका आणि मग पाण्यात सोडा. झाऱ्यावर काढल्यावर बोटाने हलकं दाबून बघायचं, पांढरं घट्ट आणि आत बलक हलतोय असं लागलं की झालं. मग झारा कोरड्या कपड्यावर टेकवून पाणी निथळू द्यायचं, हे घाईत सगळे विसरतात आणि खालचा टोस्ट भिजून लगदा होतो. घरी अंड्यांचा एक ट्रे आणा आणि हेच करत बसा, कुठल्याही कोर्सपेक्षा स्वस्त पडेल. इंटरव्ह्यूला अंड्याचे प्रकार हमखास विचारतात.

बलक पातळ ठेवण्यावरून एक सांगतो. ब्रिटनमध्ये लाल सिंहाचा शिक्का असलेली अंडी मिळतात, त्या कोंबड्यांना साल्मोनेलाची लस दिलेली असते, आणि 2017 मध्ये तिथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने ही अंडी गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हाताऱ्यांनीही अर्धकच्ची खायला हरकत नाही असं जाहीर केलं. पण हे त्या शिक्क्याच्या अंड्यांपुरतं, दुसऱ्या देशात अंडी लोड केली तर शेफ काय सांगतो ते ऐकायचं.

स्कॉटिश पॅसेंजर टॅटी स्कोन (बटाट्याची चपटी भाकरी) आणि चौकोनी लॉर्न सॉसेज मागतील, आयरिश सोडा ब्रेड, वेल्श लोक क्वचित लेव्हरब्रेड म्हणजे शिजवलेलं समुद्री शेवाळ. किपर म्हणजे धुरावलेला हेरिंग, वास जबरदस्त, पण सुकं बांगडं खाऊन वाढलेल्या कोकणातल्या माणसाला त्याचं काय. केजरीत स्मोक्ड हॅडॉक, भात, उकडलेलं अंडं, लोणी आणि नावापुरती करी पावडर. आपली खिचडीच तिकडे जाऊन अशी झालीय, तेव्हा हात आवरा, फोडणी देऊ नका.

पोर्कबद्दल आधीच घरी बोलून घ्या. ब्लॅक पुडिंग डुकराच्या रक्ताचं असतं, त्यात ओट्स किंवा बार्ली आणि चरबी. खायची सक्ती कुणी करत नाही पण कापावं लागेल, भाजावं लागेल, रोज. मला जमणार नाही हे तिथे जाऊन सांगण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा बेकरी किंवा पेस्ट्रीला अर्ज करा, तीही चांगली लाइन आहे.

वेळेचं म्हणाल तर पहाटे चार-पाचला गॅलीत, म्हणजे जहाजाच्या किचनमध्ये. नॉर्वेला जाताना घड्याळ एक तास पुढे जातं, पॅसेंजर तासभर उशिरा उठतो, तुमची मात्र तासभर झोप जाते. बिस्केच्या उपसागरात जहाज हलायला लागलं की फ्रायर बंद ठेवायची ऑर्डर येते, मग फ्राइड ब्रेड ग्रिडलवर, म्हणजे सपाट मोठ्या तव्यावर. सगळ्यात बेकार दिवस म्हणजे साउदॅम्प्टनला परत पोचतो ती सकाळ, सगळ्यांना एकाच वेळी खाऊन उतरायचं असतं. कायद्याने (एमएलसी 2006, म्हणजे जहाजावरच्या कामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय करार) कुठल्याही 24 तासांत किमान 10 तास आणि 7 दिवसांत 77 तास विश्रांती मिळायलाच हवी, आपले तास स्वतः लिहून ठेवा, शीटवर डोळे झाकून सही करू नका.

प्रोब थर्मामीटर (अन्नात टोचून आतलं तापमान बघायचं) खिशातच ठेवा. सॉसेज आतून 75 डिग्री, गरम ठेवलेलं अन्न ब्रिटिश नियमाने 63 च्या वर. अॅलर्जीचे 14 घटक पाठ करा, कारण ब्रिटिश सॉसेजमध्ये बहुतेक वेळा गहू असतो हे नव्या पोरांच्या लक्षातच येत नाही आणि ग्लूटेन चालत नाही म्हणणाऱ्याच्या प्लेटमध्ये ते बिनधास्त ठेवतात.

कागदपत्रं म्हणजे पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावरच्या सुरक्षेचे) बेसिक कोर्स, मेडिकल. एजंटकडे डीजी शिपिंगचं (जहाज वाहतुकीचं सरकारी खातं) आरपीएसएल, म्हणजे जहाजावर भरती करायचं लायसन्स आहे का ते डीजी शिपिंगच्या यादीत स्वतः तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे त्याला घेताच येत नाहीत, एक रुपयाही नाही. पासपोर्ट, सीडीसी आणि मेडिकलचा खर्च तुमचा, व्हिसाचा खर्च जहाजाच्या मालकाचा, तेव्हा व्हिसासाठी म्हणून कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.