पार्किन्सन्समध्ये सायकलचे इंटरव्हल: लोड नको, पायांचा वेग वाढवा

इथे सायकल म्हणजे घरातली, जागेवर राहणारी, इंटरव्हल म्हणजे थोडा वेळ जोरात मग थोडा वेळ निवांत, आणि लोड म्हणजे पेडलचा जडपणा. चालताना ज्यांचे पाय जमिनीला चिकटतात त्यातले काही जण सायकल मात्र छान चालवतात, नेदरलँड्सच्या बास ब्लूम या न्यूरॉलॉजिस्टनी 2010 मध्ये असा एक पेशंट व्हिडिओसकट दाखवला होता, पण रस्त्यावर खरा धोका थांबताना आणि उतरताना असतो म्हणून जिद्द करू नका. पाठीला टेकू असलेली मिळाली तर बेस्ट आणि पेडलला पट्टे हवेतच, पाय घसरतात.

वेगाचंच एवढं का? 2003 मध्ये अमेरिकेत आयोवामधल्या एका राईडला क्लीव्हलँड क्लिनिकचे संशोधक जे अल्बर्ट्स पार्किन्सन्स असलेल्या एका बाईंसोबत दोघांच्या सायकलवर होते आणि त्या बाईंचं अक्षर सुधारलेलं दिसलं. मग 2009 च्या अभ्यासात तशाच सायकलवर पुढे ट्रेनर बसवून पेशंटचे पाय मिनिटाला 80-90 फेऱ्या फिरवले, म्हणजे ते स्वतःहून मारतात त्यापेक्षा साधारण 30 टक्के जास्त, आणि 8 आठवड्यांत हालचालींचा स्कोअर 35 टक्के सुधारला. पेशंट मोजकेच होते हे खरं, तरी दिशा कळते.

सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून हार्ट आणि बीपी तपासून घ्या, हे टाळू नकाच. व्यायाम पार्किन्सन्सच्या गोळीचा असर चालू असेल तेव्हाच करायचा, असर उतरल्यावर ओढूनताणून नको.

आता प्रत्यक्ष. 10 मिनिटं हलकं पेडल, लोड अगदी कमी. मग 30 सेकंद जमेल तितकं जोरात, नंतर दीड मिनिट निवांत, असे 4 राउंड आणि शेवटी 5-10 मिनिटं सावकाश. आठवड्यातून 3 दिवस. दोन-तीन आठवड्यांनी राउंड 6 करा, मग जोराचा भाग हळूहळू 1 मिनिटावर न्या. मिनिटाला 80 फेऱ्या पहिल्याच दिवशी गाठायच्या नाहीयेत, आज 55 होत असतील तर पुढे 60 बघा. मीटर नसेल तर 15 सेकंदांत एक गुडघा किती वेळा वर येतो ते शेजारच्याने मोजावं, 20 वेळा म्हणजे 80. त्यानेच मोठ्याने "एक-दोन, एक-दोन" म्हटलं किंवा मेट्रोनोमचं (ठराविक तालात टिकटिक करणारं) ॲप लावलं तर पायांना ताल मिळतो आणि खरंच खूप फरक पडतो!

घड्याळातल्या पल्सवर फार विसंबू नका, पार्किन्सन्समध्ये आणि काही बीपीच्या गोळ्यांनी ती हवी तशी वाढत नाही. जोराच्या वेळी दोन-चार शब्दच बोलता यावेत, निवांत वेळी पूर्ण वाक्य. छातीत दुखलं, गरगरलं तर लगेच थांबायचं.

झाल्यावर उठायची घाई नको, बीपी पटकन खाली येतं, दोन-तीन मिनिटं तिथेच बसून पाणी प्या आणि कुणाचा तरी हात धरूनच उतरा. दुसऱ्या दिवशी फारच थकवा वाटला तर पुढच्या वेळी राउंड कमी करा, पण सायकलवर बसणं सोडू नका.