ट्रेलरमधली पहाटेची थंडी: फर्नेसच्या जोडीला हीटर कोणता?

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर ऑक्टोबरात पहाटे पारा गोठणबिंदूच्या आसपास उतरतो. तिथल्या मॅदर कॅम्पग्राउंडमध्ये ट्रेलरला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराला, विजेची जोडणी मिळत नाही. शेजारच्याच ट्रेलर व्हिलेजमध्ये वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही मिळतं. दोन्हीकडे थंडी तीच, पण एकीकडे उपयोगी पडणारा हीटर दुसरीकडे नुसतं ओझं. म्हणून दुकानात जाण्याआधी बुकिंग कुठलं आहे ते पाहा.

ट्रेलरच्या प्रोपेन फर्नेसला, म्हणजे मुळातच बसवलेल्या गॅसच्या हीटरला, कमी लेखू नका. तासाला 30,000 बीटीयू (उष्णतेचं एकक) देणारा फर्नेस दहा-पंधरा मिनिटांत गारठा मोडतो. त्याची अडचण वेगळी. पंखा मोठ्याने घरघरतो, बॅटरीतून 7 ते 10 अँपियर खेचतो, आणि 20 पौंडांची टाकी सलग चालवली तर 14 तासांत संपते. जादा हीटर घ्यायचा तो तापलेली खोली तशीच टिकवायला. उठायच्या पंधरा मिनिटं आधी फर्नेस लावा, खोली तापली की हीटरवर या.

हीटर किती ताकदीचा हवा? 20 फुटी ट्रेलर, बाहेर 40 अंश फॅरनहाइट, आत 65 हवं, तर तासाला साधारण 4,000 बीटीयू उष्णता निसटते. 1,500 वॅटचा इलेक्ट्रिक हीटर 5,100 देतो, म्हणजे काम भागतं. बाहेर 20 अंश झाले की हीच गळती 7,000 च्या पुढे जाते, आणि तो हीटर एकट्याने पुरत नाही. खिडक्या मोठ्या किंवा स्लाइडआउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) असेल तर गळती आणखी धरा.

कॅम्पच्या खांबावर वीज असेल तर

इलेक्ट्रिक हीटर सगळ्यात स्वस्त आणि सोपा. सिरॅमिक पंख्याचा हीटर लगेच ऊब देतो पण आवाज करतो. तेलाचा रेडिएटर अर्धा तास घेतो, मात्र रात्रभर शांत राहतो. झोपायच्या जागेसाठी रेडिएटर बरा. कुठलाही घ्या, कलंडल्यावर आपोआप बंद होणारा हवा आणि 750 वॅटची कमी पायरी असलेला हवा. महागड्या हीटरमधून जास्त उष्णता निघते हा गैरसमज आहे. 1,500 वॅट म्हणजे 1,500 वॅटच.

आता हिशेब. 30 अँपियरच्या जोडणीवर अमेरिकेतल्या 120 व्होल्टने एकूण 3,600 वॅट मिळतात. हीटर 12.5 अँपियर, गरम पाण्याच्या टाकीचा इलेक्ट्रिक एलिमेंट 12, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर आणि फ्रिज मिळून पाच-सहा. झाले तीस. तेवढ्यात कुणी चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली की ब्रेकर पडतो, आणि अंधारात थंडीत बाहेर खांबापर्यंत जावं लागतं. चहा गॅसवर करा आणि पाणी तापवायचा स्विच प्रोपेनवर ठेवा. दुसरा हीटर आणून उपयोग नाही, कारण ट्रेलरमधली बरीचशी सॉकेटं एकाच 15 अँपियरच्या सर्किटवर असतात. कोणतं सॉकेट कुठल्या ब्रेकरवर आहे ते घरीच, एक-एक ब्रेकर पाडून आणि दिवा लावून पाहून ठेवा.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष सॉकेटकडेच होतं. कारखान्यात ट्रेलर भराभर बांधताना बहुतेकदा असं सॉकेट वापरतात, ज्यात वायर स्क्रूने आवळलेली नसते. नुसती पात्यांच्या फटीत दाबून बसवलेली असते. फोन चार्ज करायला ते ठीक आहे. 12.5 अँपियर तासन् तास वाहिले की तो सैल सांधा तापतो, प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी होतं आणि जळकट वास सुटतो. ब्रेकर पडत नाही, कारण करंट मर्यादेतच असतो. हीटर लावल्यावर अर्ध्या तासाने प्लगला हात लावा. कोमट चालेल, चटका बसला तर लगेच बंद करा. हीटरसाठी एक स्क्रूवालं, चांगल्या दर्जाचं सॉकेट बसवून घ्या आणि एरवी 750 वॅटवरच चालवा. वाढीव वायर टाळा; टाळता येत नसेल तर 12 गेजची म्हणजे जाड, आखूड, आणि गुंडाळी पूर्ण सोडलेली.

वीज नसेल तर

इन्व्हर्टरवर इलेक्ट्रिक हीटर चालवायचा विचार सोडून द्या. 1,500 वॅटसाठी 12 व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 140 अँपियर जातात. 100 अँपियर-तासांची लिथियम बॅटरी पाऊण तासाच्या आत संपेल.

मग उरतात प्रोपेनचे हीटर. मिस्टर हीटर कंपनीचा 'बडी' 4,000 ते 9,000 बीटीयू देतो, एक पौंडाची बाटली मोठ्या आचेवर अडीच तासही पुरत नाही. त्यातला ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद करणारा सेन्सर 7,000 फुटांच्या वर हीटर विनाकारण बंद पाडू शकतो. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ साधारण तेवढ्याच उंचीवर आहे आणि यलोस्टोनचं सरोवर त्याहूनही वर, हे लक्षात असू द्या. कॅटॅलिटिक हीटर (ज्योतीशिवाय जाळीवर गॅस जाळणारा), उदाहरणार्थ ऑलिंपियन वेव्ह 3, 3,000 बीटीयूपर्यंत जातो. त्याला वीज लागत नाही आणि आवाज नाही. धूळ आणि फोडणीची वाफ मात्र त्याला मानवत नाही. जाळीवर थर बसला की अर्धाच भाग तापतो. वापरात नसताना झाकण घाला.

या दोन्ही प्रकारांत ज्वलनातून निघणारं सगळं खोलीतच राहतं. एक पौंड प्रोपेन जळालं की सुमारे पाऊण लिटर पाण्याची वाफ होते. ती खिडक्यांवर, कपाटात आणि गादीच्या खालच्या बाजूला जमते, आणि दोन-तीन दिवसांत कुबट वास येतो. एक खिडकी खालून आणि छतावरचं व्हेंट वरून, हीटरच्या पुस्तिकेत सांगितलंय तेवढं उघडं ठेवाच. झोपताना हे हीटर बंद. गॅसच्या बर्नरवर किंवा कोळशाच्या शेगडीवर खोली तापवायची नाही, अगदी पाच मिनिटंसुद्धा. ज्वलनातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म आणि जमिनीलगतचा प्रोपेनचा अलार्म दोन्ही चालू हवेत. मागे छापलेली मुदत संपली असेल तर बदला.

महिना-महिना विजेशिवाय राहणाऱ्यांनी डिझेल हीटरचा विचार करावा. धूर बाहेर जातो, हवा कोरडी येते, तासाला 0.1 ते 0.5 लिटर डिझेल लागतं. सुरू होताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी तापती कांडी) 8-10 अँपियर घेतो, नंतर एक-दोन पुरतात. पाच हजार फुटांच्या वर इंधन जास्त, हवा कमी होते आणि काजळी धरते, म्हणून उंचीप्रमाणे इंधनाचा पंप कमी करता येणारं मॉडेल घ्या.

पहाटे फर्नेस पेटलाच नाही तर

आधी व्होल्टेज बघा. बॅटरी उतरली की पंखा हळू फिरतो, वाऱ्याच्या जोराने मिटणारा सेल स्विच मिटत नाही, आणि फर्नेस ठिणगीच टाकत नाही. पंखा चालताना व्होल्टेज 11 च्या खाली दिसत असेल तर दोष फर्नेसचा नाही.

याच्या उलट चूक इलेक्ट्रिक हीटरवाल्यांची. हीटरने थर्मोस्टॅटजवळची (तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणाऱ्या उपकरणाजवळची) हवा 65 अंश ठेवली, तर फर्नेस रात्रभर सुरू होत नाही. अनेक ट्रेलरमध्ये फर्नेसच्या डक्टमधलीच गरम हवा तळाच्या पोकळीत जाऊन पाण्याच्या टाक्या आणि पाइप गोठू देत नाही. आत ऊब, खाली बर्फ. पारा 32 अंश फॅरनहाइट या गोठणबिंदूखाली जाणार असेल तर हीटर थर्मोस्टॅटपासून लांब, झोपायच्या टोकाला ठेवा, कमी पायरीवर लावा, आणि फर्नेस तासातून दोन-तीनदा सुरू होतोय ना हे कानाने तपासा. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाका. बाहेरची पाण्याची नळी संध्याकाळीच सोडवून रिकामी करा आणि रात्री आतल्या टाकीतलं पाणी पंपाने वापरा.