स्पिटफायरला इलेक्ट्रिक फ्युएल पंप बसवताना: खरं काम पंप वेळेवर बंद होण्याचं

आधी हे ठरवा, की पंप बदलायची गरज खरोखर आहे का. ट्रायम्फ स्पिटफायर या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा मूळ पंप इंजिनच्या अंगावर बसतो, त्याला कॅमशाफ्ट हलवतो, आणि डायाफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, शाबूत असेल तर तो वर्षानुवर्षं तक्रार करत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहते आणि दर वेळी कोरड्या कार्ब्युरेटरवर स्टार्टर फिरवत बसावं लागतं, किंवा उन्हात ट्रॅफिकमध्ये पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, अशी अडचण असेल तर इलेक्ट्रिक पंप जरूर बसवा. ताकद वाढेल म्हणून बसवत असाल तर पैसे वाचवा. वाढत नाही.

स्पिटफायर १९६२ ते १९८० या काळात बनली आणि तिची चासी ट्रायम्फच्याच हेरल्ड गाडीच्या चासीवरून आखलेली आहे. मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड ज्यांनी आपल्याकडे जपून ठेवली आहे, त्यांनाही पुढचं बहुतेक सगळं लागू पडेल.

पंप निवडताना एकच आकडा बघायचा: प्रेशर. एसयू कंपनीच्या कार्ब्युरेटरला दीड ते तीन पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) पुरतं. त्याहून जास्त दिलं की कार्ब्युरेटरमधली फ्लोटची (तरंगत्या गोळ्याची) सुई पेट्रोल अडवू शकत नाही आणि ते बाहेर वाहतं. स्पिटफायरमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनच्या एकाच बाजूला आहेत, त्यातही कार्ब्युरेटर वर. म्हणजे वाहिलेलं पेट्रोल थेट तापलेल्या लोखंडावर पडतं. फॅसेट कंपनीचा कमी प्रेशरचा चौकोनी सॉलिड स्टेट (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) पंप घ्या. त्याच कंपनीचा सहा-सात पीएसआयचा ‘रेड टॉप’ पंप घेऊन पुढे रेग्युलेटर लावायचा सल्ला सर्रास दिला जातो; या इंजिनाला त्याची काही गरज नाही.

एक गोष्ट मात्र खरेदीआधीच तपासा. १९६७ च्या आधीच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेलं. निगेटिव्ह अर्थसाठी बनवलेला सॉलिड स्टेट पंप अशा गाडीत नेहमीसारखा जोडला तर जळतो.

आता काम. बॅटरीची अर्थ वायर काढा, टाकी रिकामी करा. जुना पंप काढून त्या जागी गॅस्केटसह ब्लँकिंग प्लेट, म्हणजे भोक बंद करणारी पट्टी, बसवा. जुना पंप लाइनमध्ये तसाच ठेवून त्यातूनच नव्या पंपाचं पेट्रोल ढकलायचं, हा प्रकार करू नका. डायाफ्राम फाटला की इलेक्ट्रिक पंप इंजिन ऑइलमध्ये पेट्रोल भरत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

नवा पंप टाकीजवळ, टाकीच्या तळापेक्षा खाली, सायलेन्सरपासून लांब. हे पंप ढकलतात छान, ओढतात वाईट. इंजिनजवळ बसवलात तर वाफेची मूळ तक्रार तशीच राहील. बाहेर जाणारं तोंड वरच्या दिशेला ठेवा, रबरी बुशवर कसा, टाकी आणि पंपाच्या मधे फिल्टर लावा. रबरी होज एसएई जे३० आर९ हे पेट्रोलच्या होजचं मानक छापलेलाच घ्या. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात तर २० टक्क्यांपर्यंत, आणि जुनं रबर त्यात आतून सोलवटून निघतं.

इथवर सगळं एका दुपारी होतं. पुढची पायरी आहे वायरिंग, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने खाल्ला आहे.

बहुतेक ठिकाणी सांगतात, इग्निशनची पांढरी वायर पंपाला जोडा, झालं. पंप चालतो, गाडी पळते, मालक खूश. पण मूळ पंप इंजिन थांबलं की आपोआप थांबायचा. पांढऱ्या वायरवरचा पंप किल्ली चालू असेपर्यंत थांबत नाही. धडक झाली, पाइप तुटला, इंजिन बंद पडलं, चालक सुन्न होऊन बसला आहे आणि पंप पेट्रोल ओततोच आहे, हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवूनच वायरिंग करायचं.

त्यासाठी दोन वस्तू हव्यात, आणि दोन्ही हव्यात. पहिली, इग्निशनचे पल्स, म्हणजे इंजिन फिरताना ठिणगीसाठी येणारे विजेचे ठोके, ओळखणारा फ्युएल पंप रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच). त्याची एक वायर इग्निशन कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला जाते. किल्ली फिरवली की तो पंपाला एक-दोन सेकंद चालवतो, मग पल्स येत असतील तरच चालू ठेवतो. रिलेला मुख्य वीज तपकिरी वायरीवरून, म्हणजे थेट बॅटरीच्या लाइनवरून द्या. मधे फ्यूज घाला, तोही जिथून वीज घेतली त्या टोकाशी. पंपाशी फ्यूज लावून मधली सगळी वायर फ्यूजविना सोडणं निरर्थक आहे. पांढरी वायर फक्त रिलेला जागं करायला.

रिलेऐवजी ऑइलच्या दिव्याचा स्विच वापरून पंप बंद करायची युक्तीही सांगितली जाते. जुनं इंजिन तापलं की आयडलला ऑइल प्रेशर उतरतं, दिवा लुकलुकतो आणि त्याबरोबर पंपही. मला ती पद्धत अजिबात मान्य नाही.

दुसरी वस्तू, इनर्शिया स्विच. धक्का बसला की त्याचं बटण वर उडतं आणि लाइन तुटते. रिले आणि पंप यांच्या मधे तो जोडा. बटण वरच्या बाजूला, स्विच सरळ उभा, आणि पक्क्या बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीवर. थरथरणाऱ्या पातळ पत्र्यावर लावलात तर खड्ड्यातही उडेल. बटण कुठे आहे आणि ते दाबून परत कसं बसवायचं, हे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला दाखवून ठेवा.

आता अर्थ. पंप रबरावर बसलेला असल्यामुळे त्याच्या बॉडीतून अर्थ मिळत नाही. काळी वायर वेगळी न्यावी लागते. स्पिटफायरची बॉडी आणि चासी वेगवेगळ्या आहेत, मधे पॅड आणि साठ वर्षांचा गंज. म्हणून बोल्टभोवतीचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, वायर कसा आणि मग पंप चालू असताना मल्टीमीटरचं एक टोक पंपाच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर अर्थ कच्चा आहे. पंप अशक्त वाटला म्हणून नवा घेण्याआधी हे एकदा मोजा.

जोड क्रिंपिंगच्या पक्कडीने करा. वायरीत दात रोवून बसणारे प्लास्टिकचे क्लिप जोड पेट्रोलजवळ वापरू नका.

तपासणी कानाने करायची. किल्ली फिरवा, इंजिन सुरू करू नका: टक-टक आवाज यावा आणि एक-दोन सेकंदांत थांबावा. थांबला नाही तर रिलेचं वायरिंग चुकलं आहे, पुढे जाऊ नका. मग इंजिन सुरू करा, इनर्शिया स्विच ब्रॅकेटवरून सोडवून हातात घ्या आणि तळहातावर जोरात आपटा. पंपाचा आवाज लगेच बंद झाला पाहिजे. इंजिन मात्र लगेच बंद होणार नाही, फ्लोटच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर ते थोडा वेळ चालत राहतं. ते बघून स्विच खराब आहे असं समजू नका.

शेवटी कार्ब्युरेटरजवळ पाइपाला टी-आकाराचा जोड लावून प्रेशर मोजा, तीनच्या आत हवं. पहिल्या लांब फेरीनंतर गाडी थंड झाली की सगळे क्लॅम्प पुन्हा कसा. नवं रबर दबून ते थोडे सैल होतात.