भाड्याचा वन बीएचके आणि बेताचे पैसे: पहिलं घर कसं लावायचं

पहिल्या घराची चावी मिळाली की पाय आपोआप फर्निचरच्या दुकानाकडे वळतात. आमचेही वळले. कोथरूडच्या भाड्याच्या फ्लॅटसाठी हौसेने तीन माणसांचा सोफा घेतला आणि तो जिन्याच्या दुसऱ्या वळणावर अडकला. चार जणांनी तासभर उभा-आडवा करून पाहिला, शेवटी ज्या टेम्पोतून आला त्यातूनच परत गेला. दोन्ही खेपांचं भाडं आमचं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी एवढंच सांगते: फर्निचर सगळ्यात शेवटी. आधी माप, मग उजेड, मग कापड.

१. मोजा आणि आखा
खोलीबरोबर दरवाजा, लिफ्ट आणि जिन्याचं वळणही मोजा. मग घ्यायच्या वस्तूचा आकार मास्किंग टेपने फरशीवर आखा. सिंगल बेड साधारण ३ बाय सव्वासहा फूट. कपाटाचं दार उघडायला लागणारी जागाही आखायची. दोन दिवस त्या रेघा न ओलांडता घरात वावरा. चालायला दोन-अडीच फुटांची वाट उरत नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

२. पंधरा दिवस गादी जमिनीवर
ऊन कुठे येतं, प्लग कुठे कमी पडतात, हे राहिल्याशिवाय कळत नाही. याच दिवसांत घरमालकांना खिळे आणि रंगाचं विचारून घ्या, होकार व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी असू द्या. भिंतींचे फोटो पहिल्याच दिवशी काढा; डिपॉझिट परत घेताना उपयोगी पडतात.

३. उजेड
भाड्याच्या घरात बहुतेक एक पांढरी ट्यूब असते आणि तिच्या उजेडात कुठलीही खोली दवाखान्यासारखी दिसते. ट्यूब राहू द्या, अभ्यासाला आणि भाजी निवडायला ती लागतेच. संध्याकाळसाठी मात्र खोक्यावर २७०० किंवा ३००० केल्विन (म्हणजे पिवळसर, उबदार उजेड) लिहिलेला ९ वॅटचा एलईडी बल्ब आणा आणि तो छताऐवजी बसल्यावर खांद्याच्या उंचीला येईल असा लावा. शेड म्हणून पुण्याच्या बुरूड आळीतली बांबूची टोपली पालथी घाला, तळाला होल्डरपुरतं भोक पाडून. बल्ब एलईडीच हवा, जुना पिवळा बल्ब फार तापतो.

४. पडदे
रॉड खिडकीच्या चौकटीला चिकटून लावू नका. छताजवळ लावा आणि पडदा फरशीपर्यंत सोडा, खोली उंच वाटते. कापड रॉडच्या जवळपास दुप्पट रुंद हवं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि टॉवेल वाळत घातल्यासारखं दिसतं.

आईची जुनी सुती साडी यासाठी उत्तम. साडेपाच मीटरची साडी मधोमध कापली की प्रत्येकी पावणेतीन मीटरचे दोन पडदे होतात, पन्ना ४५ इंचांच्या आसपास असतो, म्हणजे चार फुटी खिडकीला एक साडी पुरते. काठ उभे येतात, ते छानच दिसतं. पदर एकाच पडद्यावर येणार, तो वर घ्यायचा की खाली ते कापण्याआधी ठरवा. आणि आईला विचारून कापा!

५. आता लाकूड
पुण्यात रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार आहे. जाताना टॉर्च न्या. लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर आत कीड जिवंत आहे. कितीही स्वस्त असलं तरी सोडा. वस्तू हलवून पाहा. सांधे कुरकुरत असतील तर सुतार नीट करतो, पण फुगलेल्या प्लायचं काही होत नाही. गादी किंवा कापड लावलेली जुनी वस्तू मी घेत नाही, ढेकणांच्या भीतीने.

घरी आणल्यावर १२० नंबरच्या आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासा, ओल्या फडक्याने पुसून वाळवा, आणि डबल बॉइल्ड लिनसीड तेलाचा (जवसाचं तेल, लाकडासाठी तयार केलेलं) चिंधीने पातळ हात द्या. तेलाची चिंधी मात्र चोळामोळा करून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटू शकते. पसरून पूर्ण वाळवा आणि मगच फेका.

६. भिंत
एकच भिंत सजवा. सोलापुरी चादर दांडीत ओवून टांगली की काम झालं.

७. झाडं
नर्सरीत जायची घाई नको. शेजारच्या काकूंकडून मनी प्लांटची फांदी मागून आणा, पेराच्या खाली कापलेली. बरणीत पाणी घालून ठेवा आणि आठवड्याने पाणी बदला. त्या निमित्ताने नळाला पाणी किती वाजता येतं आणि दूधवाला कोण, हेही काकूंकडून कळतं.