इंक्स लेकच्या मुक्कामाची तयारी

मुलांना डुंबायला मिळावं, गळ टाकता यावा, रात्री तंबूत झोपता यावं आणि ऑस्टिनहून सव्वा-दीड तासात पोचता यावं, असं एकच ठिकाण विचाराल तर मी इंक्स लेक स्टेट पार्क सांगेन. टेक्ससमधल्या कोलोराडो नदीवर, बुकॅनन धरणाच्या लगेच खाली, १९३८ साली इंक्स धरण पुरं झालं आणि हे तळं तयार झालं. दुष्काळात वरचा बुकॅनन लेक बराच खाली जातो, पण इंक्सची पातळी जवळजवळ कायम राहते. त्यामुळे ऐन ऑगस्टातही काठावर गेलं की पाणी आहेच.

सगळ्यात आधी बुकिंग. मुक्कामाची जागा पाच महिने आधीपासून घेता येते आणि शनिवार-रविवारच्या जागा भराभर जातात. एका जागेवर जास्तीत जास्त आठ माणसं चालतात, तेव्हा तीन-चार कुटुंबं मिळून जाणार असाल तर शेजारशेजारच्या जागा एकाच बैठकीत घेऊन टाका. दिवसभरासाठीच जायचं असलं तरी पास आधी काढा. गर्दीच्या दिवशी गेटवरून परत यावं लागतं. वर्षात दोन-तीन पार्कं होणार असतील तर स्टेट पार्कांचा वार्षिक पास घ्यावा, त्यात गाडीतल्या सगळ्यांचा प्रवेश होतो. भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्यासाठी छोटी केबिन बघा. आत एसी असतो, पण अंथरूण-पांघरूण आपलं न्यायचं आणि संडास-बाथरूमसाठी थोडं चालत जायचं. रात्री उठावं लागणाऱ्यांच्या उशाशी टॉर्च हवाच.

आता पाणी. आपल्याकडे दशम्या किती करायच्या यावर आठवडाभर फोन चालतात, पण कोणाला पोहता येतं आणि कोणाला नाही हे कोणी विचारत नाही. ते आधी विचारा, मोठ्यांनाही. इथे लाइफगार्ड नसतो. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचं घ्या आणि घरीच घालून बघा: बकल लावून खांद्यांपाशी धरून वर उचललं आणि ते हनुवटी-कानांपर्यंत सरकलं, तर ते मोठं होतंय. दंडाला लावायचे फुगे खेळण्यापुरते; त्यांच्या भरवशावर मूल पाण्यात सोडू नका. तेरा वर्षांखालच्या मुलाने चालत्या छोट्या बोटीत किंवा कयाकमध्ये जॅकेट घातलेलंच असलं पाहिजे, हा टेक्ससचा कायदाच आहे. काठावर पाळी लावा. वीस-वीस मिनिटं एकाच मोठ्या माणसाने बघायचं, त्या वेळात फोन नाही, गप्पा नाहीत, ताट वाढणं नाही. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, तोंड पाण्याखाली गेल्यावर आवाज निघतच नाही. म्हणून ‘आम्ही सगळे इथेच होतो’ यात काही अर्थ नसतो, एकाचे डोळे तिथे असावे लागतात.

डेव्हिल्स वॉटरहोल नावाची तळ्याची एक शाखा आहे. तिथे गुलाबी खडकावरून तरुण मंडळी उड्या मारतात. तो खडक अब्जाहून अधिक वर्षांचा आहे आणि बघायला जरूर जा, पण उडीचा हट्ट मुलांना आधीच घरी समजावून मोडून काढा. खडकावर शेवाळं असतं, तेव्हा पायात पट्ट्याची, पकड असलेली सँडल हवी. स्लिपर नको.

मासेमारीसाठी सुखाची गोष्ट म्हणजे टेक्ससच्या स्टेट पार्कात काठावरून किंवा धक्क्यावरून गळ टाकायला परवाना लागत नाही. बोटीतून टाकणार असाल तर लागतो. मुलांसाठी साधी काठी, लहान गळ, शिशाची बारीक गोळी, फ्लोट आणि डबाभर गांडुळं एवढं पुरे. अख्खं गांडूळ लावू नका, नखाएवढा तुकडा लावा आणि खडकाच्या कडेला हात-दोन हात खोल सोडा. सनफिश नावाचे छोटे मासे लगेच येतात. मासा धरताना तळवा ओला करा आणि डोक्याकडून शेपटीकडे हात नेत पाठीचे काटे बसवून घ्या. कॅटफिशच्या पाठीला आणि दोन्ही बाजूंच्या कल्ल्यांमागे खरे टोकदार काटे असतात, तो मुलांच्या हातात देऊ नका. पक्कड सोबत ठेवा, गळ काढायलाही आणि कॅटफिशची कातडी ओढायलाही. मोजपट्टी विसरू नका: लार्जमाउथ बास हा मासा १४ इंचांहून लहान असेल तर परत सोडायचा. तव्यावर तळायचा बेत असेल तर घरूनच हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ आणि रवा डब्यांत भरून न्या.

सरपण तिथे गोळा करता येत नाही, विकत घ्यावं लागतं; आणि कोरड्या दिवसांत आगीवर बंदी असू शकते, म्हणून गॅसची शेगडी घ्याच. उघड्यावर मद्यपानाला मनाई आहे. बर्फ, पेट्रोल वाटेतल्या बर्नेट गावातच भरून घ्या.

सतरंजी टाकण्याआधी जमीन नीट बघा, फायर अँट्स म्हणजे कडकडून चावणाऱ्या लाल मुंग्या असतात. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालू नका, विंचू निघतात. गवतात चिगर्स म्हणजे खाज आणणारे अगदी बारीक किडे असतात, तेव्हा लांब पँट मोज्यात खोचावी.

आणि हवामान. जुलै २०२५ मध्ये टेक्ससमधल्याच ग्वादालुपे नदीला रातोरात पूर आला आणि शंभरहून अधिक माणसं गेली. नदी वेगळी, पण हिल कंट्री म्हणतात तो मध्य टेक्ससचा खडकाळ, डोंगराळ प्रदेश तोच. पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात उतरतं. निघण्याच्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवरची सूचना बघा. रात्री फोनवरचे इशारे बंद करू नका, हवामानाचे इशारे देणारा बॅटरीवरचा वेदर रेडिओ असेल तर उत्तम. गाडी निघण्याच्या दिशेला तोंड करून लावा आणि किल्ली कुठे आहे हे निदान दोघांना माहीत असू द्या.