संगीतात एम. ए. करायचंय, पण कुठून?

गाण्याची विशारद परीक्षा झालेली असते, कॉमर्सची नाहीतर सायन्सची पदवी हातात येते आणि ठाण्यातल्या गाणाऱ्या मुलामुलींच्या घरी चर्चा सुरू होते : आता संगीतात एम. ए. करायचं, तर कुठून? नौपाड्यातल्या माझ्या क्लासमध्ये दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी हा प्रश्न घेऊन येतं. मी स्वतः या शोधातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझा अनुभव हिंदुस्थानी कंठसंगीताचा आहे.

विद्यापीठांची यादी काढण्याआधी एक गोष्ट पक्की करा. सध्या तुमची तालीम कुणाकडे चालू आहे आणि ती पुढेही चालू ठेवायची आहे का? माझ्या गुरूंकडची, म्हणजे ताईंकडची, माझी तालीम चांगली रंगात आली होती, ती तोडायची नव्हती. म्हणून मी मुंबईतच राहिले आणि चर्चगेटला मुंबई विद्यापीठाच्या संगीत विभागात प्रवेश घेतला. संगीतशास्त्रज्ञ डॉ. अशोक दा. रानडे यांनी सुरुवातीच्या काळात घडवलेला हा विभाग. गाणं ताईंकडे आणि शास्त्र, इतिहास, संशोधनाची शिस्त विभागात, अशी वाटणी मला मानवली. मुलींसाठी चर्चगेटलाच एसएनडीटी महिला विद्यापीठाचाही पर्याय आहे.

ज्यांच्या मागे गुरू नाही, किंवा आठवड्यातून एकदा तासभर शिकण्यावर ज्यांचं गाणं अडलं आहे, त्यांनी मात्र घर सोडायचा विचार जरूर करावा. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र गुरुकुल पद्धतीसाठी, म्हणजे गुरूसमोर बसून शिकण्यासाठी, ओळखलं जातं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या संगीतशिक्षणाची मुळं 1886 साली गायक-वादक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या शाळेत आहेत. बनारस हिंदू विद्यापीठात गायक पं. ओंकारनाथ ठाकूरांनी संगीतशिक्षणाचा पाया घातला. छत्तीसगडमधल्या खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय तर 1956 पासून केवळ कलांसाठीच चालतं. ही नावं मोठी आहेत, पण नावाने गाणं येत नाही. आज तिथे कोण शिकवतं, हेच बघायचं.

ते बघायचं कसं? अर्ज भरण्याआधी ताईंनी मला सांगितलं होतं, “आधी जाऊन वर्गाबाहेर उभी राहा आणि ऐक.” यापेक्षा चांगला सल्ला मला कुणी दिला नाही. विभागप्रमुखांची रीतसर परवानगी काढून एखादा वर्ग ऐका. मग दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना चहाला गाठा आणि नेमकं विचारा. कायम पदावरचे शिक्षक किती, तासिका तत्त्वावरचे किती? एका वेळी गुरूसमोर किती जण बसतात? तबल्याला साथीदार रोज असतो की परीक्षेपुरता? प्रात्यक्षिकाला गुण किती, लेखीला किती? वसतिगृहात पहाटे सहाला आवाज लावू देतात का? संस्थेचं नॅक मानांकन, म्हणजे दर्जाची अधिकृत श्रेणी, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

घराण्याचा, म्हणजे गायकीच्या परंपरेचा, विचारही आधीच करावा. किराणा घराण्याच्या संथ बढतीत, म्हणजे राग सावकाश उलगडण्यात, वाढलेला गळा जयपूर घराण्याच्या लयदार, ‘आ’कारात गायच्या गायकीच्या गुरूसमोर बसला, तर पहिले काही महिने गोंधळ होतो. तो गोंधळ सोसायची तयारी असेल तर फायदाही होतो. पण नव्या गुरूंना आणि आपल्या गुरूंना, दोघांनाही हे मोकळेपणाने सांगितलेलं बरं.

प्रवास हा ठाणेकरांचा वेगळा विषय. ठाण्याहून सीएसएमटी, तिथून चर्चगेट, किंवा दादरला गाडी बदलून. घरापासून धरलं तर जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. नेरुळ-वाशीच्या मुलांना हार्बरने थेट सीएसएमटी मिळते, तरी वेळ फारसा वाचत नाही. गर्दीत उभं राहून आल्यावर संध्याकाळी गळा साथ देत नाही. म्हणून वेळापत्रक हातात घेऊन बघा, सकाळचा रियाज कुठे बसतो ते. तो बसतच नसेल, तर पुण्याला खोली घेऊन राहणं जास्त शहाणपणाचं.

प्रवेशाच्या प्रात्यक्षिकाला अनवट, म्हणजे क्वचित गायला जाणारा, राग निवडू नका. वर्षानुवर्षं गायलेला यमन किंवा बिहाग गा, स्वतःच्या पट्टीत. परीक्षक पुढे बहुधा समप्रकृतिक, म्हणजे स्वर तेच पण चाल वेगळी अशा, रागांवर येतात : भूप आणि देशकार, किंवा मारवा, पूरिया आणि सोहनी. स्वर तेच असताना भूपात गंधारावर आणि देशकारात धैवतावर वजन कसं येतं, हे तोंडी सांगून भागत नाही. लगेच गाऊन दाखवता आलं पाहिजे. हातावर ताल धरून दुगुन-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लयीत, म्हणायचा सरावही ठेवा.

आता नोकरीचं. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर यूजीसीची नेट ही पात्रता परीक्षा महत्त्वाची. त्यासाठी खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत 55 टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना 50. गांधर्व महाविद्यालय मंडळाची अलंकार ही कसदार परीक्षा आहे, मी ती आनंदाने दिली. पण ती सगळीकडे एम. ए.च्या बरोबरीची धरली जाईल असं गृहीत धरू नका. जिथे नोकरी हवी तिथून लेखी उत्तर मागवा. आणि शिकवायचंच नसेल, फक्त मैफलीत गायचं असेल, तर एम. ए.चा विचार करण्याआधी कोलकात्याची आयटीसी संगीत रिसर्च अकादमी बघा. तिथे शिष्यवृत्तीवर गुरूंच्या सान्निध्यात राहून शिकता येतं. निवड अतिशय कडक असते, तरीही प्रयत्न करावा असं मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते.